वळणाची टाकी

घरात माणसं किती, हे घरच्या कर्त्याला कधी विचारू नये. ही मी माझ्या धंद्यातली पहिली शिकवण सांगते, आणि ती फुकट नाही मिळाली, नाक दाबून मिळाली.

शिरपूरला एका घरी आम्ही संडासाची टाकी बांधली होती. मालक ओसरीवर पान खात बसले होते. आमच्या मिस्त्रींनी विचारलं, "घरात किती जन?" मालक म्हणाले, "आठ." आम्ही आठांची टाकी केली. वर्ष नाही झालं तर टाकी तोंडाशी आली, सारी आळी नाकाला पदर लावून फिरू लागली. मी स्वैपाकघरात जाऊन त्यांच्या बायकोला विचारलं, "वैनी, सकायी भाकरी किती थापता?" ती म्हणाली, "साठ. अन् जत्रेले आलेले पाव्हने असले त मोजतच नाई." आठ माणसं साठ भाकरी खातात होय? मालकांनी फक्त आपल्या बरोबरीने पंगतीला बसणारे धरले होते. तेव्हापासून मी चुलीपाशी जाऊन विचारायला लागले, आणि मिस्त्री ओसरीवर नुसते मान हलवायला बसायचे.

आमचे मिस्त्री म्हणजे माझे यजमान. आम्ही आसेगावचे. ते अकोल्याला एका ठेकेदाराच्या हाताखाली दोन वर्षं राहून ही टाकीची विद्या शिकून आले. तेव्हा आमचा वाशीम जिल्हाच नव्हता, सारं अकोल्यातच होतं, आणि पंचक्रोशीत टाकीचा संडास म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली घमेली वाहायची, चुना कालवायची. अक्षरं सिमेंटच्या पोत्यावरची वाचून शिकले, आकडे टेपावरचे. पुढे पुढे असं झालं, की माप मी काढायची आणि भिंत ते उचलायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टाकी म्हणजे जमिनीतला झाकलेला हौद. त्याचे दोन खण. पहिल्या मोठ्या खणात घाण येते, जड ते खाली बसतं, हलकं वर तरंगतं, आणि मधलं पाणी हळूहळू दुसऱ्या खणात जातं. तिथून शोषखड्ड्यात, आणि मग जमिनीत. सारी करामत त्या "हळूहळू" मध्ये आहे. पाणी थांबलं पाहिजे, निवळलं पाहिजे. म्हणून टाकी लांब हवी. दहा माणसांना सात फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट पाणी. पंचवीस माणसांना दहा फूट लांब, चार रुंद, पाच खोल. आणि टाकी आजच्या माणसांची बांधायची नसते. पुढच्या सुना, त्यांची लेकरं, सारी आजच धरायची. विहिरीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यायची.

लोक मला विचारत, असलं काम करताना किळस नाही वाटत? मी म्हणायची, पहाटे डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन जी बाई गल्लीत येते, तिच्याकडे पाहून तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगा. आमच्या एका टाकीने एका घराची पाटी बंद होते. एवढा अभिमान मला होता, अजून आहे.

किळस नव्हतीच. भीती मात्र एकदा वाटली. ती गोष्ट आमच्याकडच्या मालेगावची.

तिथे गोविंदराव म्हणून कापसाचे अडते होते. मोठं घर, मागे लांब परसू, परसात विहीर. घरात ते, त्यांची बायको माई, दोन मुलं, आणि थोरली सून वेणू. धाकट्याचं लग्न अकोल्याच्या घरात ठरलं होतं, आणि मुलीच्या बापाने अट घातली होती की पोरगी लोटा घेऊन शेतात जाणार नाही. म्हणून टाकी. वैशाखातलं लग्न, आम्हाला बोलावलं चैत्रात. महिनाभर हातात.

गोविंदराव म्हणाले, "पंचवीस मानसाची करा मिस्त्री. घर वाढनार हाये. मले नातवाइनं भरलेलं घर पाह्याचं हाये."

मी आपली रिवाजाप्रमाणे चुलीपाशी गेले. माईंना विचारलं. माई भाकरी उलटवत म्हणाल्या, "त्याइनं सांगतलं ते धरा." कोपऱ्यात वेणू ताक करत होती. सहावा संपून सातवा लागला असावा. मी सहज म्हटलं, "आता हे बी पाव्हनं येऊनच राह्यलं, एक वाढला." रवी थांबली. माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून बाहेर आले. शेजारणीकडून नंतर कळलं, वेणूची आधीची तीन गेली होती. एक पोटातच, दोन जन्मून दोन-चार दिवसांत. सुईणीने सांगून ठेवलं होतं, याही वेळी गेलं तर पोरीचं खरं नाही. गोविंदराव वर्षभर वाट पाहून दुसरी सून आणायची भाषा करत होते, त्याच थोरल्यासाठी. म्हणजे त्या पोटावर एक जीव नव्हता, दोन होते, आणि एक संसार.

टाकीची जागा गोविंदरावांनीच दाखवली. परसाचं शेवटचं टोक, भिंतीजवळ, एका कडूनिंबाच्या पलीकडे. विहिरीपासून सगळ्यात दूर. आम्ही खूश झालो, असा मालक मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. ऊन असं की कावळासुद्धा बोलेना. पुरुष जेवून झोपलेले. मिस्त्री खड्ड्यात सब्बल, म्हणजे पहार, मारत होते, मी वर माती ओढत होते. वरची काळी माती संपून मुरूम लागायचा होता. सहा फूट लांबी पूर्ण खणून झाली होती, पुढची चार फूट नुसती वरून सोलायला घेतली होती. तेवढ्यात तिथे सब्बलचा आवाज बदलला. ठण्ण नाही, धप्प नाही. पोकळ.

मिस्त्रींनी सब्बल ठेवली. हाताने माती बाजूला केली, आणि एकदम खड्ड्यातून वर आले.

"तूच पाहाय वं," ते म्हणाले. "हे बाईमानसाचं काम हाये."

मी उतरले. मातीत एक मडकं होतं. तोंडावर झाकणी, त्यावरून फडकं गुंडाळलेलं, आणि मानेला काळा दोरा. लहानसं मडकं, दोन हातांच्या कवेत मावेल असं. मला कळलं. आमच्याकडे तान्हं गेलं तर मसणात नेत नाहीत. बायाच ते मडक्यात ठेवून परसात पुरतात, पुरुषांना जागा सांगत नाहीत. आणि परसात कुठे? विहिरीपासून लांब. आम्ही जो हिशोब धरला, तोच त्यांनीही धरला होता.

मी हात मागे घेतला तोच पाठीमागून आवाज आला.

"ते तिसरं होय. दुसरं तुमच्या उजव्या हाताले हाये."

वेणू. मागल्या दारात उभी. खड्ड्यापासून चांगली वीस पावलं दूर, आणि तिथून आतलं काही दिसत नव्हतं.

मी उजवीकडे माती चाचपली. दुसरं होतं.

"पयलं भिताडाकडं," ती म्हणाली. अगदी दूध कुठे ठेवलंय ते सांगावं तशी.

तेही होतं. चैत्रातली दुपार, अंगातून घाम निथळत होता, आणि मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

तेवढ्यात माई आल्या. त्यांनी एका नजरेत सारं पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, "काढून घ्या मिस्त्रीनबाई. मी लुगड्यात बांधून नदीवर सोडून येतो. हे उठाच्या आत."

"नाई," वेणू म्हणाली.

"वेने, अंदर जाय."

"नाई आत्याबाई. तुमीच म्हनल्या होत्या ना, त्याइले वापस याचं असते, म्हनून घरापाशी ठेवा लागते. आता हे येऊन राह्यलं." तिने पोटावर हात ठेवला. "रस्त्यात असन ते. अन् तुमी त्याचं घर उचलून नदीत टाकता?"

माई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "काढा तुमी."

मी दोन बायांच्या मधे खड्ड्यात गुडघ्यावर बसलेली. मालकीण सांगते म्हणून आधी सापडलेल्या मडक्याखाली बोटं घातली. खाली आणखी काही लागलं. जुनं, काठाला कंगोरे असलेलं, असली मडकी आमच्या तिकडच्या कुंभारांनी केव्हाच सोडून दिली होती. फडकं मातीच होऊन गेलेलं.

"हे कोनतं?" मी वेणूला विचारलं.

"माहे तीनच," ती म्हणाली.

माई खड्ड्याच्या काठाशी आल्या. वाकून पाहिलं, आणि तिथेच मातीत बसल्या, नऊवारीची घडी न सांभाळता.

"त्याले हात लावू नोका," त्या म्हणाल्या. मग हाताने काठाची माती सारखी करत, "दोन दिवसाची होती. पयलीच. मी पंधरा वर्साची. सासूनं रातीतून इथी आनून ठेवली. ह्याइले सांगतलं, सुईन घेऊन गेली म्हनून. मी तवा बाजेवरून उठली बी नोती, मले जागा ठाऊक नोती."

"मंग आली का वापस?" वेणूने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मले दोन पोट्टेच झाले," माई म्हणाल्या. "पोरगी नाई झाली."

आता सांगा, टाकीचं काय करायचं? दहा फूट हवी, सहाच मिळत होती. मिस्त्री म्हणाले, लांबी नाही तर खोल करू. मी म्हटलं, नाही. आखूड आणि खोल टाकीत आलेलं पाणी निवळायच्या आधीच पलीकडच्या तोंडातून निघून जातं. चार वर्षांत शोषखड्डा बंद पडला असता, मग गोविंदरावांनी दुसरा मिस्त्री आणला असता, आणि त्याने न विचारता सब्बल मारली असती. लहान टाकी बांधली तर मडकी आज वाचत होती, उद्या नाही. टाकी पंचवीसांचीच हवी होती.

म्हणून आम्ही ती वळवली. पहिला खण सहा फुटांचा सरळ, आणि दुसरा त्याला काटकोनात, निंबाच्या बाजूला. गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखी. मडकी होती तिथेच राहिली, पहिल्या खणाच्या टोकाच्या भिंतीपलीकडे, हातभर मातीआड. वरून मी माझ्या हाताने माती चोपली. गोविंदराव उठून आले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पुढं खडक लागला मालक. वळवा लागते." खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे, पण उन्हात कोण पाहतो?

आता माझी चूक. ती मी आजवर कोणाला लिहून सांगितली नाही.

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. गोविंदरावांनी खटपट करून आणलेली पोती सरळ टाकीच्या हिशोबाची होती. वळणाने एक भिंत आणि दोन कोपरे वाढले. सिमेंट कमी पडलं. आतला गिलावा सारा सिमेंटचा हवा, हा नेम. मी म्हटलं, टोकाच्या भिंतीला चुना-सुरखी लावू, चुन्यात विटांची भुकटी कालवून.

"पुरन का वं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पुरन," मी म्हटलं. "आपल्या आज्यापनज्याच्या विहिरी चुन्यातल्याच हायेत."

विहिरी चुन्यातल्या असतात, पण चुन्याला वेळ लागतो. लग्नाला वेळ नव्हता. आणि भिंत कोणती निवडली मी? मडक्यांकडची.

टाकी झाली की तिची परीक्षा घ्यायची असते. विहिरीचं पाणी ओतून काठोकाठ भरायची, पाण्याच्या रेघेवर गेरूची खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर पाणी चार बोटं खाली. मी खाली वाकून पाहतच होते, तेवढ्यात घरातून सुईण धावत बाहेर आली आणि पाणी तापवा म्हणून ओरडली. वेणूला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. सातव्यात.

माई मागल्या दारातून टाकीपाशी आल्या.  त्यांनी टाकीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं.

"पानी कोनीकडं चाललं?" एवढंच.

मी हाताने दाखवलं. खोटं बोलताना माझे कान लाल होत नाहीत, पण त्या दिवशी जीभच वळली नाही.

"मंग काहून उभ्या हा?" माई म्हणाल्या. आणि स्वतः बादली उचलली.

गड्यांना बोलावलं नाही. मिस्त्री, मी आणि ती अडत्याची बायको, तिघांनी तो खण उपसला. घोटाभर पाणी राहिलं तेव्हा मी आत उतरले. कोरी टाकी, अजून कोणी वापरलेली नाही, त्यामुळे वाफेची भीती नव्हती. वापरातली टाकी असती तर आधी कंदील सोडून पाहिला असता. तो विझला तर आत उतरायचं नसतं, हे कोणीही लक्षात ठेवावं.

आत गार होतं. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की काही क्षण दिसत नाही. मी टोकाच्या भिंतीला तळवे टेकवले, ओल कुठे सुटली ते चाचपायला. आणि मला ऐकू आलं.

भिंतीच्या पलीकडून. चरचर, चरचर. नखाने मडक्याचं बूड खरवडावं तसं.

काळी माती कोरडी असली आणि तिला पाणी मिळालं की ती आवाज करते. फुगते, भेगा मिटतात, आतली हवा निघते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, कोणत्याही शेतकऱ्याच्या पोरीला माहीत असतं. मी स्वतःला ते सांगितलं. मग मी कान भिंतीला लावला. आवाज सगळीकडून येत नव्हता. चार जागी येत होता. तीन जागी बारीक, जवळ जवळ. आणि एक त्यांच्या खाली, जरा सावकाश.

वरून घरातून वेणूचं ओरडणं ऐकू आलं की ते चारही थांबायचे. ती थांबली की पुन्हा सुरू.

"सिमेंट टाका!" मी ओरडले.

मिस्त्रींनी संडासाच्या भांड्यासाठी अर्धं पोतं राखून ठेवलं होतं. ते सगळं दिलं. मी चुन्याचा ओला पापुद्रा लोखंडी पत्तीने खरवडून काढला, विटांच्या सांध्यांत चिंध्या कोंबल्या, आणि कोरडं सिमेंट मुठीमुठीने भिंतीवर चोळलं. ते ओल पितं आणि तिथेच घट्ट होतं. हाताची सालं निघाली. मी बडबडत होते असं मिस्त्री नंतर म्हणाले. "झालं, झालं, आता नाई येत पानी, निजा," असं काहीतरी. मला आठवत नाही.

शेवटची मूठ लागली तेव्हा पलीकडे गप्प झालं. मी कान लावून बसले. नुसती माती.

वर आले तर माई तशाच उभ्या, हातात बादली. घरात आवाज नव्हता. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत नव्हतो. मग सुईण दारात आली, पदराने हात पुसत, आणि म्हणाली, "कळा थांबल्या. कशा काय त मले इचारू नोका. निजली ते."

लग्न झालं, अकोल्याची सून आली. संडासाचं भांडं उसन्या आणलेल्या सिमेंटमध्ये बसवलं. आणि आषाढात, पुरे दिवस भरून, वेणूला मुलगी झाली. गोविंदरावांना मुलगा हवा होता, पण मुलगी जगली, धडधाकट रडली, आणि दुसऱ्या सुनेची भाषा त्या घरात पुन्हा कोणी काढली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण टाकी बांधली की तीन वर्षांनी जाऊन पाहायची, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली होती. तेव्हा घरात लहानमोठी नऊ माणसं होती. चुलीपाशी विचारून, भाकरी मोजून खात्री केली. टाकीचं झाकण सरकवलं. गाळ मोजायची काठी असते, तिला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तळापर्यंत सोडायची, काढली की पट्टीवर गाळाची काळी रेघ दिसते. त्या रेघेवरून घरात माणसं किती ते मी डोळे मिटून सांगायची, आणि तोवर माझा अंदाज एका माणसाने चुकला असेल, दोनाने कधी नाही.

रेघ नऊ माणसांची नव्हती. मी काठी धुऊन पुन्हा सोडली. तीच रेघ.

लग्नाचे पाहुणे असतील, अडतीवरचे हमाल येऊन जात असतील, माझं मापच चुकलं असेल. हे सगळं मी मनात म्हटलं. माई निंबाखाली नातीची वेणी घालत बसल्या होत्या. पोर हलत होती, माई तिला दटावत होत्या.

"काय म्हनते टाकी?" त्यांनी विचारलं.

मला लपवता आलं नाही. "माई, घरात नऊ जन. गाळ बारा जनाचा हाये."

मला वाटलं त्या घाबरतील. त्यांनी नुसती टाकीच्या टोकाकडे नजर टाकली, मग पोरीच्या डोक्यावर तेलाचा हात फिरवला.

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "चार होते. एक आली वापस. तीन राह्यले."

मी झाकण बसवलं. ओसरीवर गोविंदराव वाट पाहत होते, टाकी कधी उपसावी लागेल म्हणून. मी त्यांना सांगितलं. बारा माणसांच्या हिशोबाने सांगितलं.